मदत हवी आहे: एडीएफवर रेडिओ केंद्र ऐकताना शिट्टीसारखा आवाज

आमच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानात जुना एडीएफ (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारा रिसीव्हर) आहे. १९० ते १७५० किलोहर्ट्झ पकडतो, म्हणजे मध्यम लहरींवरची केंद्रंही. लांबच्या उड्डाणात बातम्या, गाणी कानावर पडली की सोबत वाटते. (एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे लक्ष आधी; त्यांच्याशी बोलायच्या रेडिओचा, कॉमचा, आवाज कायम वरचढ ठेवतो.)

इंजिन बंद असताना निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. इंजिन सुरू झालं की बारीक शिट्टी घुसते आणि आरपीएम वाढेल तशी ती चढत जाते. कॉमवर मात्र काहीच नाही.

करून पाहिलं ते असं: बीएफओ (मोर्स संकेत ऐकू यावेत म्हणून स्वर काढणारी सोय) बंदच आहे. एएनटी मोडवर (दिशा न दाखवता नुसतं ऐकायचा) भाषण जरा स्वच्छ होतं, पण शिट्टी तशीच. हेडसेट बदलला, स्ट्रोब आणि इतर दिवे बंद केले, फरक शून्य. जमिनीवर इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीज जनित्राचा) स्विच बंद केला, शिट्टी तत्क्षणी गेली. एडीएफचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जाते, म्हणजे ती ऑडिओ पॅनेलमध्ये (सगळ्या रेडिओंचा आवाज हेडसेटला देणाऱ्या भागात) शिरत नसावी.

एनडीबीसाठीही (दिशा शोधायला जमिनीवर असलेले रेडिओ बीकन) हाच एडीएफ वापरतो, त्यामुळे तो काढायचा नाही. फिल्टर बसवायचा तर परवानाधारक इंजिनिअरकडूनच, आणि तासाचे पैसे मोजण्याआधी दिशा नक्की हवी.

ही शिट्टी विजेच्या तारेतून येते की अँटेनातून, हे पॅनेल न उघडता ओळखायची खात्रीची चाचणी कोणती?