खडूस, तुसडा, तुटक, तिरसट : नक्की फरक काय?

मंडळी, एक शब्द अडलाय आणि जरा घाई आहे म्हणून विचारतोय. परळला एका हॉस्पिटलच्या मदत कक्षात आम्ही काही जण आळीपाळीने बसतो. कोणी जालन्याहून, कोणी चंद्रपूरहून रात्रभर प्रवास करून आलेलं असतं, त्यांना केसपेपर कुठे काढायचा, रक्त तपासायला कुठे द्यायचं, सोनोग्राफीची तारीख लांबची मिळाली तर तोवर राहायचं कुठे असलं सगळं सांगायचं. नवीन येणाऱ्या मुलांसाठी एक पानभर सूचना मराठीत लिहायच्यात. जुन्या कागदावर वाक्य आहे, 'स्वयंसेवकाची अभिवृत्ती सकारात्मक असावी'. अभिवृत्ती हा मानसशास्त्राच्या पुस्तकातला शब्द, ठीक आहे, पण कॉलेजातल्या मुलाने ते वाचून सकाळी टेबलाशी बसल्यावर नेमकं करायचं काय?

म्हणून म्हटलं काय नको ते लिहू, 'तुसडेपणा करू नये'. तर आमच्यातलाच एक म्हणाला हा शब्द आजच्या मुलांच्या तोंडात नाहीये, खडूस लिही, सगळ्यांना कळतं. मला ते पटत नाहीये.

मला वाटतं ते असं. खोलीत एकटा बसलेला माणूससुद्धा खडूस असू शकतो, तो त्याचा स्वभाव, त्याचा त्याच्यापाशी. तुसडेपणा एकट्याने करता येत नाही, त्याला समोर कोणीतरी लागतं. 'माझ्याशी तुसडेपणाने वागला', 'तिच्याशी तुटक बोलला', 'सगळ्यांशी फटकून असतो', हे 'शी' बघा. म्हणजे तुसडेपणा हा नुसता स्वभाव नाही, ती दुसऱ्याला केलेली गोष्ट आहे, आणि सूचनांमध्ये आपण स्वभाव बदला असं सांगूच शकत नाही ना, काय करा आणि काय करू नका एवढंच सांगू शकतो.

मध्यंतरी एका मेडिकलमध्ये एक आजी गोळ्या घेत होत्या. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, 'बाळा, ही कधी घ्यायची?' त्याने पाकीट पुढे सरकवलं, मान वर न करता म्हणाला, 'लिहिलंय ना त्याच्यावर.' शिवी नाही, आवाज चढवलेला नाही, काहीच नाही. आजींनी पाकीट उलटसुलट केलं, अक्षर बारीक होतं. तोंड उघडलं होतं पुढचं काहीतरी विचारायला, ते मिटलं, आणि पदराच्या गाठीतले पैसे काढून देऊन त्या बाजूला झाल्या. गोळी जेवणाआधी की नंतर, ते राहूनच गेलं. मी पुढे होऊन वाचून दाखवलं ते सोडा, पण रोज असे किती प्रश्न गिळले जात असतील आणि त्यातून गोळी चुकीची घेतली गेली तर त्याचा दोष कोणाकडे जाणार, म्हातारीकडेच. ह्याला खडूसपणा म्हणणं मला फारच सौम्य वाटतं. तुम्ही काय म्हणाल?

मिजास, दिमाख, ॲटिट्यूड

चांगला विषय. ॲटिट्यूड लिहू नका हे आधी सांगतो, कारण मुंबईच्या मराठीत त्याचा अर्थ बदललाय. 'तिला फार ॲटिट्यूड आहे', 'जास्त ॲटिट्यूड दाखवू नको' म्हणजे सरळ माज. पॉझिटिव्ह ॲटिट्यूड असं जोडून म्हटलं तरच मूळ अर्थ राहतो. आणि हे आपल्याकडे पहिल्यांदा होत नाहीये. मिजास बघा, अरबी मिझाज म्हणजे नुसती प्रकृती, स्वभाव, मनःस्थिती, त्यात चांगलंवाईट काही नाही, हिंदीत अजून 'मिज़ाज कैसा है' विचारतात. मराठीत आल्यावर मिजास म्हणजे तोरा, मिजासखोर म्हणजे शिष्ट. दिमाखचं तसंच, मूळ दिमाग, म्हणजे मेंदू, आणि आपल्याकडे झाला थाट, रुबाब. मला तर वाटतं माणसाच्या मनातलं काय ते समोरच्याला दिसत नाही, त्याचा आविर्भाव तेवढा दिसतो आणि तोही खुपतो तेव्हाच लक्षात राहतो, म्हणून हे सगळे शब्द त्याच बाजूला कलंडतात. वृत्ती हा साधा शब्द अजून सरळ आहे पण सूचनेत तोही अधांतरीच वाटेल.

खडूसला बदनाम करू नका

धागाकर्त्यांशी सहमत, खडूस नकोच, पण माझं कारण वेगळं. शिवाजी पार्कात वाढलेल्या कोणालाही विचारा, मैदानावर खडूस ही शाबासकी आहे. मुंबईचं क्रिकेट खडूस म्हणजे विकेट फेकायची नाही, समोरच्याला एक रन फुकट द्यायची नाही, मॅच हातातून गेली असं दिसलं तरी लटकून राहायचं. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा रणजी जिंकली ती ह्या खडूसपणावर, आणि २०२३-२४ला ४२वी जिंकली तेव्हाही सगळीकडे खडूस हाच शब्द होता. कांगा लीग १९४८पासून भर पावसाळ्यात खेळतात, ओल्या विकेटवर बॉल कसाही उडतो, तिथे तास-तास उभं राहणारा माणूस खडूसच होणार की. आणि ह्यातले कितीतरी जण मॅच संपल्यावर तंबूत समोरच्या टीमच्या पोरांना जवळ बसवून ग्रिप दाखवणारे असतात. म्हणजे खडूस असून तुसडे नाहीत. तुमचा 'एकट्याला खडूस होता येतं' हा मुद्दा मला म्हणूनच पटला.

तुटक म्हणजे तुसडं नव्हे

मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन लालबागला आले. सुरुवातीला मला अख्खी मुंबईच तुसडी वाटायची. आमच्याकडे रस्ता विचारला तर आधी कुठनं आलाय, कुणाकडे चाललाय, चहा घेणार का, मग रस्ता. इथे 'पुढून लेफ्ट' एवढंच. पण हळूहळू कळलं की ज्याने 'पुढून लेफ्ट' म्हटलं तोच, आपण चुकून सरळ चाललो तर मागून ओरडून सांगतो, 'ओ ताई, लेफ्ट म्हटलं ना!' त्याच्याकडे शब्द कमी असतात, लक्ष असतं.

लेडीज डब्यात हे रोज बघते. चढल्या चढल्या बसलेल्या बायकांना एकेक करून विचारत जायचं, 'कुठे?' आणि उत्तर 'कुर्ला', 'ठाणे', 'लास्ट'. पूर्ण वाक्य कोणीच बोलत नाही आणि कोणाला रागही येत नाही. जी 'लास्ट' म्हणते तीच कधीकधी हनुवटीने समोरची दाखवते, 'ती घाटकोपर आहे', झालं, तुमची सीट झाली. हे तुटक. आणि एखादी असते, विचारलं की खिडकीबाहेर बघते, ऐकूच आलं नाही असं करते, दुसऱ्यांदा विचारलं तर 'उतरेन तेव्हा कळेल ना'. हे तुसडं. शब्द मोजले तर दुसरीनेच जास्त वापरलेत! आणि तिच्याजवळ उभं राहिलेली बाई पुढच्या स्टेशनला चढणाऱ्या पोरीला धड उत्तर देत नाही हेही बघितलंय, वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

तेव्हा दादा, सूचनेत 'थोडक्यात बोलू नका' असं काही लिहू नका हं चुकूनही. मागे लाईन उभी असताना एकाशी गप्पा मारत बसलात तर मागच्या वीस जणांना ते तुसडंच वाटणार.

काउंटरच्या आतून

तीस-पस्तीस वर्षं लोकांशी संबंध येणाऱ्या खिडकीमागे काढली आहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो, मेडिकलवाल्या मुलाचं समर्थन करत नाहीये. 'ही कधी घ्यायची' हा प्रश्न आजींचा पहिला असतो, त्या मुलाचा त्या दिवसातला कितवा असतो कोण जाणे. दुपारी तीनच्या सुमारास काय होतं ते आतल्यालाच माहीत, समोर माणूस दिसेनासा होतो, नुसता हात आणि कागद दिसतो. आवाजातलं सगळं निघून जातं. मग त्याला तुम्ही तोंडावरची माशी हलत नाही म्हणता.

आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८३ मध्ये ह्याला इमोशनल लेबर म्हणजे भावनिक श्रम असं नाव दिलं. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे अशा दोन्हींचा अभ्यास केला होता, एकाला पगार हसतमुख राहण्याचा आणि दुसऱ्याला पगार दरडावण्याचा. म्हणजे आत जे वाटतंय ते दाबून बाहेर दुसरं दाखवणं हेही काम आहे, हमालीसारखंच थकवणारं, फक्त ते कोणी मोजत नाही. मला हे फार पटलेलं आहे. तुमच्या पोरांना पान देण्याआधी बघा त्यांना सलग किती वेळ बसवता ते. दोन तासांनी उठवून चहाला पाठवा, अर्धा तुसडेपणा तिथेच जाईल.

पण एक गोष्ट मान्य, थकलेला माणूस तुटक होतो, तुसडा व्हायलाच हवा असं नाही. 'मान वर न करता' हे तुम्ही लिहिलंय ना, सगळा फरक तिथे आहे. मान वर करायला काही लागत नाही.

ख वरून

जरा अवांतर. खडूस, खाष्ट, खवट, खवचट, खत्रूड, खेकसणं, खवळणं, ह्या सगळ्यांची सुरुवात ख नेच कशी काय? खवट तर सरळ खोबऱ्यावरून आला, नारळ जुना झाला की खोबरं खवट होतं तसा म्हातारा खवट. खाष्ट मात्र सासूलाच लागतो, खाष्ट सासरा फारसं कोणी म्हणत नाही, हे जरा अन्यायाचंच आहे. खवचट वेगळा, त्यात बुद्धी लागते, खवचट माणसाशी बोलायला मजा पण येते. तिरसट म्हणजे ज्याचं कधी काय बिनसेल सांगता येत नाही तो, साधं विचारलं तरी वाकडं उत्तर. तुसड्याचं तसं नाही, तो कायम एकसारखाच.

विरुद्धार्थी शब्द?

सगळ्यांचे आभार, साताऱ्याच्या ताईंनी आणि खिडकीवाल्या काकांनी माझं काम सोपं केलं. तुटक चालेल, तुसडं नको, इथपर्यंत आलो. आता पुढची अडचण. ह्याच्या उलट काय लिहू? लाघवी लिहिलं तर मुलं लाडीगोडी लावायला लागतील. गोडबोल्यावर तर आपल्याकडे कोणी विश्वासच ठेवत नाही. सौजन्य म्हटलं की सरकारी बोर्ड डोळ्यांसमोर येतो. मायेने वगैरे फार होतं, समोरचा अनोळखी आहे, त्याला तुमची माया नकोय, केसपेपरची खिडकी हवीय.

आणि शोधताना लक्षात आलं की रोजच्या बोलण्यातले नेमके शब्द आपण नकारातच वापरतो. 'धड बोलत नाही', 'धड सांगेल तर शपथ' म्हणतो, पण 'तो माझ्याशी धड बोलला' असं कौतुकाने कोणी सांगतं का? मुर्वत तसाच, 'कोणाची भीडमुर्वत ठेवत नाही', मुलाहिजाही 'न ठेवता' मध्येच भेटतो. कोणी नीट वागलं तर आपण 'माणूस चांगला आहे' म्हणून मोकळे होतो, त्याने काय चांगलं केलं ते सांगायला शब्दच काढत नाही. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अशी माणसं रोज भेटतात. बसमध्ये चुकीच्या नंबरची बस पकडलेल्या माणसाला 'पुढच्या स्टॉपला उतरा, समोरच्या बाजूने मिळेल' सांगणारे आणि स्टॉप आल्यावर त्याला आठवण करणारे कंडक्टर मी कितीतरी बघितलेत, तिकिटं फाडता फाडता, आवाजात गोडवा वगैरे काही नसतो.

अगत्य

अगत्य घ्या की. जुन्या पत्रिकांवर 'अगत्य येण्याचे करावे' असायचं, म्हणजे जरूर या. अगत्याचं काम म्हणजे गरजेचं काम. आणि 'फार अगत्याने विचारलं' म्हणजे आस्थेने. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, समोरच्याचं काम आपल्याला गरजेचं वाटणं हेच अगत्य. तुमच्या कंडक्टरला हाच शब्द बसतो, त्याला गोड बोलावं लागत नाही.

असं लिहिलंय

अगत्य आवडला, पण आमच्यातल्या दोन मुलींना विचारलं तर त्यांनी तो लग्नाच्या जेवणाशी जोडला, आग्रह करून वाढणं वगैरे. म्हणून विशेषण सगळीच काढून टाकली. आता पान असं आहे : आधी मान वर करून बघा. थोडक्यात सांगितलं तरी चालेल. हाताने दिशा दाखवा. 'लिहिलंय तिकडे' असं म्हणू नका, अनेकांना वाचता येत नाही किंवा चष्मा गावी राहिलेला असतो. सांगून झाल्यावर पुढच्याला हाक मारण्याआधी 'कळलं का?' असं विचारा.

छोटी दुरुस्ती

बाकी उत्तम, पण 'कळलं का' काढा. 'कळलं का' ला सगळे हो म्हणतात, न कळलेले तर आधी म्हणतात, कारण नाही म्हणणं म्हणजे आपण अडाणी ठरणं. 'अजून काय विचारायचंय?' असं ठेवा. 'काही' नको, 'काय' ठेवा, म्हणजे अजून प्रश्न असणारच हे धरूनच विचारल्यासारखं होतं. आमच्या दवाखान्यात हाच एक शब्द बदलला होता, जेवणाआधी की नंतर हे बरेच जण मग तिथेच विचारायला लागले.