फाट्यावर नुसता गतिरोधक टाकून जीव वाचत नाहीत

मखमलाबादकर:
काल इथे एकाने लिहिलं, "नाशिकहून संभाजीनगरला जाणाऱ्या रोडला नांदूर नाक्यापासून चांदोरीपर्यंत प्रत्येक फाट्यावर मोठे गतिरोधक टाका, विषय संपला." वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. याच रोडच्या मिरची चौकात 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे ट्रकला धडकून बस पेटली, 12 माणसं गेली. तेव्हापासून जो तो गतिरोधक मागतोय. अहो, 80 ने येणाऱ्याला अंधारात न रंगवलेला उंचवटा दिसतो तरी कधी? चाक चढल्यावर! दोन वर्षांपूर्वी आई माझ्या मागे बसली होती. गाडी चाळीसच्या आतच होती, तरी अशाच उंचवट्यावर आई उडून पडली. मणक्याला मार, तीन महिने अंथरुणावर. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच असतो, तोही 25 च्या वेगासाठी. आपल्याकडे डांबराचा ढीग ओतून मोकळे होतात. आधी फाट्याचे कोपरे मोकळे करा. टपऱ्या, फ्लेक्स, उभे ट्रक... आडव्या रस्त्याने येणाऱ्याला हायवे दिसतच नाही. अर्धी गाडी पुढे काढून बघावं लागतं.

शिलापूरचा:
दादा, आईचं वाईट वाटलं. पण तुम्ही राहता मखमलाबादला, फाटा रोज आम्ही ओलांडतो. माझे चुलते सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघाले ते परत आले नाहीत. लख्ख उजेड होता, कोपरा मोकळा होता. समोरचा थांबला नाही, एवढंच. नंतर गावाने रास्ता रोको केला तेव्हा गतिरोधक पडला. आज तिथे गाड्या हळू होतात. तुमचे नियम येईपर्यंत आम्ही मरायचं का?

तिसरी पाळी:
दोघंही मूळ गोष्ट सोडून बोलताय. कांद्याच्या ट्रॉल्या! मी अंबड एमआयडीसीतून रात्री सुटतो. पुढे अंधारात ट्रॉली असते, ना मागे लाल दिवा, ना रेडियम. माझ्या मित्राचा हात अशाच ट्रॉलीखाली गेला. त्याचं घर आता बायको शिवणकाम करून चालवते. यावर कोणी बोलत नाही.

शिलापूरचा:
आलं, शेतकऱ्यावर आलं! विंचूरला लिलावात लवकर नंबर लागावा म्हणून आम्ही रात्री निघतो, हौस म्हणून नाही. भाव मिळत नाही तेव्हा कुठे असता तुम्ही?

तिसरी पाळी:
भावाचा काय संबंध? दिवा लावायला भाव लागतो का?

निफाडची:
भाऊ, मीही शेतकरी घरातली आहे, म्हणून स्पष्ट बोलते. द्राक्षाच्या एका क्रेटच्या पैशात ट्रॉलीला मागून रेडियम लागतं. आमच्या ह्यांनी गेल्या हंगामात लावलं, तेही मी दोन दिवस अबोला धरल्यावर. डबल ट्रॉली असेल तर दोन्हींना लावा. मागच्याला दुसरी ट्रॉली दिसतच नाही. यात शेतकऱ्याचा अपमान कसला?

मखमलाबादकर:
ट्रॉलीचं खरं आहे, पण फाटा राहिला बाजूला. वेग निम्मा झाला की धडकेचा जोर पावपट होतो. म्हणून लांबूनच पट्ट्यांचे रम्बलर, मग फलक, मग दिवा आणि शेवटी उंचवटा, अशी तयारी हवी. नुसत्या उंचवट्याने मागचा पुढच्यावर आदळतो. खरं तर मोठ्या फाट्यावर गोल सर्कल हवं. साध्या चौकात गाड्यांचे मार्ग 32 जागी एकमेकांना भिडतात, एकपदरी सर्कलमध्ये 8 जागी.

शिलापूरचा:
आणि उसाची गाडी सर्कलला वळणार कशी? तिथेच आडवी होईल.

मखमलाबादकर:
सर्कलच्या कडेला बुटकी फरसबंदी ठेवतात, मोठ्या गाडीचं मागचं चाक त्यावरून जातं. जागा मात्र लागते, हे कबूल. आणि तुमच्या फाट्यावर गतिरोधकाने गाड्या हळू झाल्या, तेही कबूल करतो, नाइलाजाने. निदान तो रंगवा, त्यावर दिवा लावा.

शिलापूरचा:
रंगाचं ग्रामपंचायतीत बोलतो. रेडियमही लावतो, ताईंचं ऐकून, त्या पाळीवाल्याचं ऐकून नाही. पण आमच्या दुसऱ्या फाट्यावरच्या टपऱ्या गावातल्याच पोरांच्या आहेत. एकाच्या वडलांनी माझ्या चुलत्याला खांदा दिलाय. त्याला टपरी हलव म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?