हरणापासून एल्कपर्यंत एकच रायफल

अमेरिकेतल्या शिकारीसाठी एकच रायफल घ्यायची तर ६.५ क्रीडमूर (हे काडतुसाचं नाव, रायफलही त्यावरूनच ओळखतात) सगळ्याला पुरेल, असं कुणीतरी म्हटलंय. म्यूल डिअर (तिकडचं हरीण), प्राँगहॉर्न (हरणासारखा प्राणी) यांना पुरेल, वादच नाही. खांद्याला धक्काही कमी. पण यादीत एल्क (खूप मोठं, वजनदार हरीण) असेल तर मी .३०-०६ काडतुसाचीच रायफल घेईन. काडतूस १९०६ चं, पण गोळ्या ११० पासून २२० ग्रेनपर्यंत (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक) मिळतात. हरणाला १५०, एल्कला १८०. गोळीचं वजन बदललं की रायफल पुन्हा झीरो करायची (म्हणजे नेम नव्यानं जुळवायचा), हे मात्र बरेच जण विसरतात. धक्का सोसत नसेल तर .३०८ घ्या, धक्का थोडा कमी, आणि ताकदीत फरक फार नाही. (खांदा आखडून नेम चुकण्यापेक्षा ते बरं!) अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात नियमानं एल्कला किमान ८५ ग्रेनची गोळी चालते, पण तेवढ्यावर मी जाणार नाही. प्रेअरी डॉगला (खारीच्या जातीचा छोटा प्राणी) .२२३ ची हलकी रायफल वेगळी ठेवा.