प्रभुपाद खरंच ४० रुपये घेऊन अमेरिकेला गेलेले का? भजनी मंडळात बोलायचंय, मदत करा

विश्रामबागची_सून
नमस्कार मंडळी, आमच्या बिल्डिंगमध्ये एकादशीला भजन असतं आणि यावेळी दहा मिनिटं माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, विषय इस्कॉनचे स्वामी प्रभुपाद. व्हॉट्सअॅपवर जे फिरतंय त्यात ४० रुपये, बोट, हार्ट अटॅक आणि एकदम जगभर मंदिरं, मधलं काहीच नाही. त्यात सासूबाई म्हणतात आपला विठोबा सोडून बंगाली बुवा कशाला. कुणी नीट सांगाल का?

जुना_वालचंदकर
४० रुपये खरंय ताई, पण तिकीट फुकट होतं हे कोण सांगत नाही. सिंदिया या जहाज कंपनीच्या सुमती मोरारजींनी दिलं, सत्तरीला टेकलेलं वय बघून त्याही आधी तयार नव्हत्या. आणि ही सिंदिया म्हणजे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी वगैरेंनी १९१९ ला उभी केलेली, सुमतीबाई नरोत्तमशेठच्या सूनबाई. म्हणजे तुमच्या सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच वालचंद! (मी तिथं चार वर्षं काढली, मला कँटीनचा चहा सोडून काय माहीत नव्हतं.) इथनंच सुरुवात करा, बायका कान टवकारतील बघा. जहाज जलदूत, मालवाहू, १३ ऑगस्ट १९६५ ला कलकत्त्याहून सुटलं, वाटेत दोनदा हार्ट अटॅक, १७ सप्टेंबरला बोस्टन. सोबत ट्रंकांमध्ये भागवताचे इंग्रजी खंड, स्वतः भाषांतर करून स्वतःच खटपट करून छापलेले.

हळदवाला_९०
मधलं म्हणजे अपयश हो, तेच तर सांगण्यासारखंय. मूळ नाव अभय चरण डे, जन्म १८९६, कलकत्ता. १९२२ ला गुरू भक्तिसिद्धांत सरस्वती भेटले आणि पहिल्याच भेटीत म्हणाले, हे इंग्रजीतून जगाला सांगा. पण घरी बायकापोरं, अलाहाबादला औषधांचा धंदा, तो काय चालला नाही. १९४४ ला युद्धात कागदाची मारामार असताना मासिक काढलं, पुढं दिल्लीत चहाच्या टपऱ्यांवर फिरून स्वतः विकायचे. झाशीत संस्था काढली, ती जागा पण हातची गेली. १९५९ ला संन्यास. गुरूनं सांगितल्यापासून बोटीत पाय ठेवेपर्यंत ४३ वर्षं! आमच्या वडिलांचं मार्केट यार्डातलं दुकान बंद पडलं तेव्हा ते ५८ चे होते, त्यांना बोटीपेक्षा हाच भाग आवडतो.

सातारी_कंदी
न्यूयॉर्कला पण लगेच काय हार घेऊन उभं नव्हतं कोण. टाइपरायटर चोरीला गेला, हिवाळा काढला, मग सेकंड अव्हेन्यूला २६ नंबरचा एक रिकामा दुकानगाळा भाड्यानं, तिथं जुलै १९६६ ला इस्कॉनची नोंदणी. पार्कात झाडाखाली बसून टाळ वाजवत हरे कृष्ण म्हणायचे आणि हिप्पी पोरं जमायची. पण आरतीच ओवाळू नका, बायकांबद्दलची त्यांची काही मतं आज अजिबात पटत नाहीत, आणि माणूस चंद्रावर गेला हे पण ते मानायचे नाहीत. १९७७ ला वृंदावनात वारले, तोवर १०८ मंदिरं, म्हणजे कामाची जिद्द मात्र मानली.

माळकरी_मिरज
सासूबाईंना सांगा वहिनी, प्रभुपाद ज्या चैतन्य महाप्रभूंच्या, म्हणजे बंगालच्या कृष्णभक्त संतांच्या, परंपरेतले ते महाप्रभू स्वतः पंढरपूरला आलेले. चैतन्य चरितामृत या त्यांच्या चरित्रात आहे, विठ्ठलापुढं नाचले, आणि तिथंच त्यांना कळलं की घर सोडून संन्यासी झालेला थोरला भाऊ पंढरपुरातच वारला.

विश्रामबागची_सून
अहो वाचून दाखवलं आत्ताच. बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, भाऊ गेल्याचं कळल्यावर त्यानं काय केलं, लगेच निघून गेला का?

माळकरी_मिरज
नाही. एका ब्राह्मणानं ठेवून घेतलं, आणखी चार दिवस राहिले. भीमेत अंघोळ करायची आणि विठ्ठलाचं दर्शन घ्यायचं.