बघणाऱ्याला बघायचं कसं?

रावेरकडे आमची केळी आहे. रात्री लाइट आली की मोटर लावून बांधावर बसतो, श्वास बघतो. राग, कर्जाची काळजी, सगळं येताना-जाताना दिसतं. पण हे बघणारा कोण, ते शोधायला गेलो की डोकं जड होतं. वडील गेल्यापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही.

— भाऊ, जोर लावू नका. नाकपुडीशी श्वास लागतो, तेवढंच धरा.

— दादा, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला जाऊन या. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना लिहिलेल्या 65 ओव्यांत हेच आहे. तोंड आरशात दिसतं, पण आरसा नसला तरी तोंड असतंच. तुम्ही आरसा शोधताय.

— ताई, काल मोटर बंद केल्यावर तसाच बसलो. काही शोधलं नाही. पहिल्यांदा रडू आलं.