वाघोलीत फ्लॅट घ्यायचाय, पाण्याचं काय काय बघावं?

प्रश्न: सोलापूरहून पुण्याला येतोय, घरात चौघं. १०० फ्लॅटची सोसायटी पसंत पडली आहे. बिल्डर म्हणतो, पाण्याची चिंता नको. खात्री कशी करायची?

प्रतिसाद १: बिल्डरला सोडा, वॉचमनला विचारा: मे महिन्यात रोज किती टँकर येतात? माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चौघांचे ५४०, म्हणजे १०० घरांना ५४,००० लिटर. १०,००० लिटरच्या टँकरच्या पाच-सहा खेपा झाल्या! सेक्रेटरींकडे मागच्या उन्हाळ्याची टँकरची बिलं मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ दुसरी सोसायटी बघा. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली खरी, पण हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं.

प्रतिसाद २: बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मीटरने मोजा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरी सोयच नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २,००० पर्यंत मुभा आहे. शिवाय वापरात असलेल्या एखाद्या फ्लॅटचं बाथरूम बघा. शॉवरच्या भोकांत पांढरी पुटं साचलेली दिसली की पाणी जड. तेच क्षार गिझरच्या कॉइलवर चढतात, मग वीज जास्त जाते आणि कॉइल लवकर जळते.

प्रतिसाद ३: गच्चीवरून उतरणारे पाइप कुठे जातात तेही बघा. शोषखड्ड्यात गेले तर बोअरला आधार मिळतो. गटारात सोडले असतील तर पावसाळाभराचं पाणी फुकट गेलं.