ईमेल उघडले जातात, पण दिवाळी अंकाची नोंदणी वाढत नाही

प्रश्न

आमचे छोटे प्रकाशन असून दिवाळी अंकाच्या सवलतीतील नोंदणीसाठी आम्ही सुमारे ९,००० वाचकांना ईमेल पाठवतो. २०२० साली त्यांपैकी साधारण २० टक्के उघडले जात, आता हा आकडा ४५ च्या पुढे दिसतो. नोंदणी मात्र जिथल्या तिथे आहे. विषयाच्या ओळीचे दोन पर्याय प्रत्येकी ५०० जणांना पाठवून पाहिले, तेव्हा पहिल्यातून ९ आणि दुसऱ्यातून १३ नोंदण्या आल्या, म्हणून दुसरा सर्वांना पाठवला, तरी फरक पडला नाही. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर १

उघडण्याचा आकडा ईमेलमध्ये दडवलेल्या एका अदृश्य चित्रावरून काढतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीसोबत ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, ती सुरू असलेल्या वाचकाने ईमेल पाहिला नाही तरी ॲपलचे सर्व्हर ते चित्र आधीच उतरवून घेतात आणि तुमच्याकडे तो ‘उघडला’ म्हणून नोंदला जातो. तुमची वाढ बरीचशी तिथलीच असावी. क्लिकही डोळे झाकून मोजू नका, कारण कार्यालयीन पत्त्यांवरील सुरक्षा यंत्रणा तपासणीसाठी सगळ्या लिंका स्वतःच उघडतात. पाठवल्यापासून काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून साऱ्या लिंकांवर क्लिक आले, तर ते वाचकाचे नव्हेत.

उत्तर २

९ आणि १३ मधला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. एकच ओळ दोन्ही गटांना पाठवली असती तरी एवढे अंतर सहज पडले असते. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून हजारभर वाचक वेगळे काढा, त्यांना या मोहिमेचा एकही ईमेल पाठवू नका आणि शेवटी दोन्ही गटांतील नोंदणीचे प्रमाण ताडून पाहा. ईमेल न जाताही जे अंक घेतातच, त्यांचे श्रेय मोहिमेला द्यायचे कशाला?

उत्तर ३

ईमेल पोहोचतात का, हेही पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ईमेल खरोखर तुमच्याच नावाने आला आहे हे पटवणाऱ्या तीन व्यवस्था) सक्तीचे असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. हे प्रमाण गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसते. शिवाय ईमेलचे एचटीएमएल, म्हणजे मजकूर आणि मांडणीचा मूळ कोड, सुमारे १०२ केबीच्या पुढे गेले की जीमेल खालचा भाग कापते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी ईमेल ही मर्यादा लवकर गाठतो. संपादकीय पूर्ण देता का?

प्रश्नकर्ता

पूर्णच देतो, आणि तेही वर्डमधून चिकटवलेले. आत्ता तपासले, तर प्रत्येक परिच्छेदामागे फाँटच्या सूचनांची लांबलचक शेपटी असून फाइल १३८ केबी भरली. नोंदणीचे बटण अगदी तळाशी, म्हणजे कापल्या गेलेल्या भागात होते. पुढच्या ईमेलमध्ये संपादकीयाचे दोनच परिच्छेद आणि त्यांच्या वर बटण ठेवत आहे. हजार जणांना वगळण्यास भागीदार अजून राजी नाहीत.